पाणी कुठं मुरतंय

नागोरावांचा कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, रिक्षाच्या मीटरवर नव्हता, दुकानातल्या तराजूवर नव्हता आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर तर मुळीच नव्हता. गोदाबाईंनी स्वतःच्या हातानं केलेला चहासुद्धा ते आधी ढवळून, वर उचलून, उजेडात बघून मग प्यायचे. ‘कुठंतरी पानी मुरून रायलं,’ हे वाक्य दिवसातून चारदा तरी त्यांच्या तोंडून निघायचं. ‘तुमच्या डोक्यातच मुरते ते,’ असं गोदाबाई म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. चाळीस वर्षं संसार केल्यावर बाईमाणसाला एवढं म्हणायचा हक्क असतोच.

माणूस मूळचा असा नव्हता. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत त्यांची उमेदीची वर्षं गेली, तीही मानानं. संत्र्याला भरघोस फुलोरा यायचा तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं हैराण होतं, पानं मलूल पडतात आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलते. याला ताण देणं म्हणतात. दिवस चुकला तर फूल नाही, फार चुकला तर झाडच नाही. नागोराव पान हातात धरून, दोन बोटांत चोळून दिवस सांगायचे आणि त्यांचा दिवस चुकत नसे. मोठमोठे बागायतदार त्यांना गाडी पाठवून घेऊन जायचे. एके वर्षी मात्र एका बागेत ताण बसेचना. पानं टवटवीत, फुलाचा पत्ता नाही. मालकानं चारचौघांत नागोरावांना नको नको ते सुनावलं. पुढं कळलं की मालकाच्या म्हाताऱ्या आईला झाडांची दया येत होती आणि ती रोज घागरी भरभरून पाणी घालत होती. हे कळल्यावरही मालकानं माफी मागितली नाही. त्या दिवसापासून नागोरावांनी माणसांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं.

मुलगा तेजस हडपसरला कारखान्यात लागला, तशी दोघं नवरा-बायको पुण्याला आली. रिकामं बसवेना म्हणून नागोराव सुरभी सोसायटीत माळीकाम करू लागले. त्याला आता आठ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी त्यांनी पूर्वेच्या भिंतीलगत बारा सोनचाफे लावले. आयुष्यभर दुसऱ्यांची झाडं तहानलेली ठेवायचं काम केलेल्या या माणसाला पोटभर पाणी पाजता येईल अशी झाडं पहिल्यांदाच मिळाली होती. पोटच्या पोरांवर करावी तशी माया त्यांनी त्या बारा झाडांवर केली. तेजस कधी कधी म्हणायचाही, की लहानपणी माझ्या केसांतून एवढा हात फिरवला नाही तुम्ही.

यंदा जानेवारीत त्या झाडांना काहीतरी झालं. पानांच्या कडा तपकिरी पडू लागल्या, नवी पालवी आखडली. नागोरावांनी लगेच ओळखलं की हा घातपात आहे. कारणही त्यांच्याकडे तयार होतं. दिवाळीनंतरच्या सभेत कुणीतरी म्हणालं होतं, की भिंतीकडची झाडं नसती तर आठ गाड्या आरामात लागल्या असत्या. कोण म्हणालं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळ्यांवरच संशय घेतला. सगळ्यांत जास्त सेक्रेटरींवर.

सेक्रेटरी बेहेरे जन्मानं नारायण पेठेतले. निवृत्त झाल्यावर लिफ्ट असलेलं घर हवं म्हणून हडपसरला आलेले, पण जीभ पेठेतलीच घेऊन आलेले. एकदा नागोराव खोडाला नाक लावून अॅसिडचा वास येतो का ते बघत होते. खोडाला कुणी भोकं पाडून विष भरलंय का हेही त्यांना बघायचं होतं. मागून बेहेरे आले.

“नागोराव, आपण झाडाचा वास घेताय की झाड आपला?”

“पाहून रायलो साहेब, कोनी काई टाकलं काय.”

“पाणी टाका म्हणजे झालं. त्यासाठीच नेमलंय आपल्याला.”

नागोरावांनी मनात नोंद केली: हा माणूस विषय बदलतो आहे. त्याच आठवड्यात त्यांना झाडांच्या बुंध्याशी मातीवर पांढरा थर दिसला. कुणीतरी पावडर फेकत होतं तर! त्यांनी चिमूटभर थर खरवडून कागदाच्या पुडीत बांधला, पुडी खिशात ठेवली आणि भिंतीजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघायला सुरुवात केली. कुत्र्याला फिरवणाऱ्या बायकांनी अखेर तो रस्ताच सोडला.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भर बारा वाजता, एक मुलगी खांद्याला काळी पेटी अडकवून थेट सोनचाफ्यांकडे आली. संस्कृती तिचं नाव. कॉलेजात संशोधन करणारी. तिनं पहिल्या झाडाला निळी फीत बांधली, फितीवर एक आकडा लिहिला, दुसऱ्याला बांधली, दोन लिहिला. नागोरावांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी बाहेरच्या रस्त्यावरच्या झाडांवरही असेच आकडे पडले होते आणि पावसाळ्याआधी ती झाडं गेली होती.

“हे कायले बांधून रायल्या तुमी? कोनं सांगतलं?”

“काका, बेहेरे सरांची परमिशन आहे. मी रीडिंग घ्यायला आलेय. झाडांवर पाण्याचा ताण किती आहे ते मोजायचंय.”

ताण म्हटल्याबरोबर नागोरावांचे कान टवकारले. शहरात हा शब्द त्यांनी ऑफिसातून दमून आलेल्या लोकांच्या तोंडी ऐकला होता, झाडाच्या बाबतीत कधीच नाही. आणि त्यांच्या लेखी ताण हा ऊन-वाऱ्यासारखा आपोआप येत नसे. ताण कुणीतरी देतं.

“ताण देल्ला कोनं?” त्यांनी विचारलं.

“कोणी दिला नाही हो काका. असतो तो.”

“असा कसा असते? देनाऱ्याबिगर ताण असते काय कुठी?”

संस्कृतीला हे काही कळलं नाही. तिनं पेटीतून चिमट्यासारखं एक यंत्र काढलं, एक पान न तोडताच त्यात धरलं आणि दाबलं. पेटीच्या पडद्यावर एक रेघ उमटली, डोंगरासारखी वर-खाली गेलेली. ती समजावून सांगू लागली. यंत्र पानावर प्रकाश टाकतं. त्यातला काही प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पानात पाणी भरपूर असेल तर पाणी त्या प्रकाशाचा ठरावीक भाग गिळून टाकतं. पाणी कमी असेल तर तो भाग परत फेकला जातो. किती परत आला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून पानात पाणी किती ते शंभरापैकी सांगतं. पान सुकल्याचं माणसाला दिसायच्या कितीतरी आधी हे कळतं.

माणसाच्या आधी, हे नागोरावांना चांगलंच झोंबलं. तीस वर्षं दोन बोटांनी जे केलं ते ही पोरगी चिमट्यानं करणार! ते गेले आणि दोन पानं घेऊन आले. एक आत्ता तोडलेलं, दुसरं सकाळी तोडून सदऱ्याच्या खिशात ठेवलेलं. दुसऱ्याला त्यांनी वरून पाण्याचा हात लावला होता, दिसायला ते ताजंच दिसत होतं. संस्कृतीनं ते पुसून चिमट्यात धरलं.

“हे कधीचं आहे काका? यात पाणीच नाहीये.”

यंत्र खोटं निघालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ते खरं होतं आणि बेहेऱ्यांच्या परवानगीनं आलं होतं, म्हणजे डाव साधा नव्हता. त्या दुपारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्यांनी सगळा डाव उलगडला. ही मुलगी दर दोन दिवसांनी येणार, आकडे लिहून नेणार. आकडे पुरेसे उतरले की बेहेरे तो कागद पुढं करणार, झाडं मेली म्हणणार, आणि तोडायची परवानगी आणणार. पोरगी बिचारी भोळी असेल किंवा नसेल, पण कागद तिच्या सहीचा असणार.

मग आकडे उतरूच द्यायचे नाहीत! रात्रभर विचार करून नागोरावांनी हा उपाय काढला आणि कुणाला, अगदी गोदाबाईंनासुद्धा, सांगितला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते उजाडता उजाडता सोसायटीत येऊ लागले. बागेच्या टाकीला पाइप लावून त्यांनी रोजच्या दुप्पट पाणी द्यायला सुरुवात केली. पहिली तीन झाडं टाकीच्या अगदी जवळची आणि सगळ्यांत देखणी. तिथं पाइप जास्त वेळ राहायचा. सात वाजता नेहमीचं पाणी पुन्हा व्हायचंच.

आकडे उतरतच राहिले. संस्कृती भुवया उंचावून पडद्याकडे बघायची, पान बदलून पुन्हा धरायची, वहीत लिहायची. नागोराव तिच्या मागं उभे राहून तिच्या वहीत डोकावायचे. चाळीस, अडतीस, पस्तीस. ही मुलगी आकडे पाडून लिहिते आहे असंही त्यांना एक दिवस वाटून गेलं. पण पडदा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते आणि डोळ्यांवर अविश्वास दाखवण्यापर्यंत त्यांची मजल अजून गेली नव्हती.

रविवारी क्लबहाऊसमध्ये सभा भरली. संस्कृतीनं भिंतीवर रंगीत रेघा दाखवल्या आणि सांगितलं की सोनचाफे तीव्र ताणाखाली आहेत, पानांत पाणी पोहोचत नाहीये, असंच चाललं तर काही झाडं वाचणार नाहीत. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. बेहेऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दाराशी उभ्या असलेल्या नागोरावांकडे वळले.

“झाडांना पाणी आपण देता. या मुलीचं यंत्र म्हणतं झाडांना ताण आहे. मग हा ताण दिला कोणी?”

आता इथं दुसरा कुणी असता तर हात जोडून ‘मी नाही’ म्हणाला असता. पण आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नागोरावांना त्यांच्या विद्येबद्दल, योग्य शब्दात विचारलं होतं. ताण कोणी दिला! त्यांची मान ताठ झाली.

“ताण देनं खायचं काम हाय काय साहेब? ह्या पुऱ्या हडपसरात ताण देता येते असा मानूस एकच. तो मी हावो.”

बेहेऱ्यांनी पुन्हा चष्मा काढला.

“म्हणजे आपणच दिलात.”

“मीच देत होतो ना जी! तीस वर्सं देल्ला. लोकं गाडी पाठवून नेत होते मले त्याच्यासाठी.”

“उत्तम,” बेहेरे म्हणाले. “इतक्या प्रांजळपणे कबुली देणारा मनुष्य या सोसायटीत पहिल्यांदाच पाहतोय. एक तारखेपासून आपण येऊ नये.”

आपण काय बोलून बसलो ते नागोरावांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कळलं. परत फिरून समजावून सांगावं असं त्यांना वाटलंच नाही. मोर्शीला एकदा समजावून झालं होतं. ते सरळ सोनचाफ्यांपाशी गेले आणि मातीत बसले. नोकरीचं त्यांना फार वाईट वाटत नव्हतं, तेजसच्या पगारात घर चाललं असतं. एक तारखेनंतर या झाडांना कोण बघणार, हा विचार मात्र त्यांना सोसवेना. म्हातारा रडला, आणि रडताना कुणी बघत नाही ना हेही त्यानं चहूकडे बघून घेतलं.

कुणीतरी बघत होतं. संस्कृती वही घेऊन धावतच मागून आली होती. ती गडबडीनं म्हणाली, “काका, तुम्ही पाणी तोडलं असं मला नाही वाटत. तोडलं असतं तर सगळी झाडं सारखी उतरली असती. बाकीची नऊ हळूहळू उतरलीत. पण ही पहिली तीन बघा. नऊ दिवसांपूर्वी एकदम चांगली होती, सगळ्यांत चांगली. नऊ दिवसांत धाडकन कोसळलीत. असं कशानं होईल?”

नऊ दिवस. नागोरावांनी मनात मोजले आणि दुप्पट पाण्याचे दिवस तेवढेच भरले. त्यांनी एक पान ओढून तिच्यापुढं धरलं.

“हे पान पाय माय. ताणाचं पान कसं असते सांगू? दुपारी मलूल पडते, सकाळी पुन्हा उठते. पुरं पान सारखंच सुकते. हे कडेकडेनं जळून रायलं. हा ताण नोय. मानसानं देल्लेला ताण असा नसते.”

“यंत्राला एवढंच कळतं की पानात पाणी कमी आहे,” ती हळूच म्हणाली. “का कमी आहे ते नाही कळत.”

नागोरावांनी खुरपं काढलं आणि पहिल्या झाडाखाली खणलं. वीतभर खाली माती चिखलासारखी ओली होती. मुठीत दाबली तर पाणी निथळलं. दोघंही त्या मुठीकडे बघत राहिली. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मरत होतं. संस्कृतीची नजर मग बुंध्याजवळच्या पांढऱ्या थराकडे गेली.

“हे काय आहे?”

“कोनीतरी फेकते. जहर हाय.” नागोरावांनी खिशातली पुडी काढून मोठ्या गुपितानं तिच्यापुढं धरली.

तिनं वास घेतला आणि सरळ बोटाला लावून जिभेवर ठेवलं. नागोराव ओरडलेच. पण तिला काही झालं नाही.

“मीठ आहे काका.”

पुढचं उलगडायला अर्धा तास लागला. बोअरचं पाणी जड, म्हणून सोसायटीत ते मऊ करायचं यंत्र बसवलेलं होतं. त्याला मिठाच्या गोण्या लागत आणि ते धुतल्यावर खारट पाणी निघे. पूर्वी ते गटारात जाई. डिसेंबरात कमिटीनं ‘पाण्याचा एकही थेंब वाया जाणार नाही’ असा ठराव करून ते बागेच्या टाकीत वळवलं होतं. तशी सूचना बेहेऱ्यांच्या वळणदार अक्षरात तीन महिने फलकावर लागलेली होती. फलकावरचं नागोराव वाचत नसत. मातीत मीठ साठलं की मुळांना ओलीतूनसुद्धा पाणी ओढता येत नाही, असं संस्कृती सांगत होती. नागोरावांनी टाकीच्या नळाखाली ओंजळ धरली आणि एक घोट घेतला. खारट होतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं पाण्यावर मात्र जन्मात कधी संशय घेतला नव्हता.

ओंजळ तशीच धरून ते म्हणाले, “माय, नऊ दिसापासून मी दुप्पट पाजून रायलो. चोरून. तुझा आकडा चढावा म्हून. ह्या तिघायले तर जास्तच.”

संस्कृतीनं वही मिटली.

बेहेऱ्यांना तिनंच जाऊन सांगितलं. ते खाली आले, नळाचं पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं. मग फलकापाशी जाऊन त्यांनी स्वतःची सूचना चार टाचण्या एकेक काढून उतरवली. “पाणी वाचवलं. झाडं तेवढी वाचवायची राहिली,” ते म्हणाले, आणि नागोरावांकडे न बघता पुढं म्हणाले, “एक तारखेला आपण यावं. दोन तारखेलाही.” पेठेतल्या माणसाकडून याहून मोठी माफी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. नागोरावांनीही ती जरा संशयानंच, पण घेतली.

मग दीड महिना गोड्या पाण्याचे टँकर आले. मातीतलं मीठ खाली धुऊन जावं म्हणून नागोराव झाडांना भरपूर पाणी देत, मग माती सुकू देत, मग पुन्हा देत. दर टँकरचं पाणी ते आधी चाखत आणि टँकरवाला कपाळाला हात लावून उभा राही. संस्कृती येत राहिली. आता तिच्यामागं उभं राहून नागोरावच आधी आकडा सांगत, पान दोन बोटांत चोळून, आणि यंत्राचा आकडा त्याच्या एक-दोननं मागंपुढं येई. नऊ झाडांचे आकडे सावकाश चढले. एप्रिलच्या शेवटी चौथ्या झाडाला नवी पोपटी पालवी फुटली.

पहिल्या तिघांना फुटली नाही. फांदी वाकवली की कडकन मोडायची. रीतसर परवानगी आली आणि एका सकाळी करवतवाले येऊन तासाभरात काम उरकून गेले. नागोराव भिंतीकडे पाठ करून गवत काढत बसले होते. तिथलं गवत कालच काढून झालं होतं.

संस्कृती त्या दिवशी शेवटचं रीडिंग घ्यायला आली होती. नऊ झाडं मोजून झाल्यावर तिनं निळ्या फिती सोडल्या, यंत्र पेटीत ठेवलं. नागोराव हात पुसत तिच्याजवळ आले. कितीतरी दिवस त्यांना एकच गोष्ट विचारायची होती आणि विचारायची छाती होत नव्हती.

“माय, एक सांग. ते तीन माह्यानं गेले काय?”

संस्कृती पेटीचा पट्टा आवळत होती. तो आधीच घट्ट होता.

“नाही काका. ती आधीच गेलेली होती. मी पहिल्या दिवशी मोजली ना, तेव्हाच कळलं होतं मला.”

नागोरावांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आकडा सांगताना ही मुलगी नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची. आता ती पट्ट्याकडे बघत होती. नऊ दिवसांपूर्वी एकदम चांगली होती, सगळ्यांत चांगली, हे तिचे शब्द त्यांनी याच भिंतीपाशी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. वही तिच्या हातात होती. पहिलं पान उघड म्हटलं असतं तर तिथल्या तिथं निकाल लागला असता. याहून कितीतरी बारीक खोटं नागोरावांनी आजवर पकडलं होतं आणि समोरच्याच्या पदरात घातल्याशिवाय सोडलं नव्हतं.

“असं काय,” ते म्हणाले. “मंग बरं झालं बाप्पा.”